शुश्रूषेचा खाडा कोणी भरायचा?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



कामगार राज्य विमा योजनेची माहितीपुस्तिका आपल्यापैकी बहुतेकांनी चाळली असेल. तिच्यात आजारपण आहे, बाळंतपण आहे, कामावरचा अपघात आहे, मृत्यूही आहे. घरातील माणसाच्या अंथरुणाशी बसून राहिल्यामुळे बुडणाऱ्या मजुरीचा मात्र तिच्यात उल्लेख नाही. आज त्या गाळलेल्या कलमाविषयी बोलावयाचे आहे.

ही योजना कोणाच्या कृपेने मिळालेली नाही. मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात 1928 साली प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, आणि स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून मोकळे सोडू नये, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली कायदा झाला. पुढे प्रा. आदारकरांचा 1944 चा अहवाल, 1948 चा कायदा, आणि 1952 च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ, असा हा प्रवास आहे.

योजनेने दिले ते थोडे नाही. आजारात पहिले दोन दिवस सोडून वर्षात 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के. क्षयासारख्या दीर्घ आजारात 80 टक्के, कमाल दोन वर्षे. बाळंतपणासाठी 2017 पासून 26 आठवडे पूर्ण मजुरी. परंतु आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राटी कामगाराला एप्रिल ते सप्टेंबरमध्ये 70 दिवस काम देऊन ‘ब्रेक’ दिला की पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये त्याच्या आजाराला पैसा नाही. त्या 70 दिवसांची वर्गणी मात्र कापली गेलेली असते. आणि ज्या यंत्रमागवाल्याने एकाच छपराखाली चार नावांचे चार कारखाने दाखविले, त्याच्याकडचा विणकर तर दहा कामगारांच्या अटीमुळे दाराबाहेरच राहतो.

आता शुश्रूषेकडे वळू. विमाधारक स्त्रीच्या मुलाला औषधपाणी योजनेतूनच मिळते. पण त्या मुलाला दवाखान्यात नेणाऱ्या, रात्रभर त्याच्या उशाशी बसणाऱ्या आईचा खाडा पडतो, तो तिचा तिने सोसायचा. मग ती स्वतःच्या नावे आजाराचा दाखला मिळवते. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी हेही पाहावे की केंद्र सरकारने आपल्या सेवेतील स्त्रियांना 2008 पासून मुलांच्या संगोपनासाठी, त्यात आजारपणही आले, संपूर्ण सेवाकाळात 730 दिवसांची रजा दिली आहे. सचिवालयातील आईचे मूल आजारी पडते आणि सूतगिरणीतील आईचे पडत नाही, असे तर कोणी समजत नसावे!

कॅनडा हा काही समाजवादी देश नव्हे. तरीही तेथील रोजगार विम्यात 2004 पासून मरणासन्न आप्ताच्या शुश्रूषेसाठी लाभ मिळतो. पुढे अत्यवस्थ मुलासाठी 35 आठवडे आणि अत्यवस्थ प्रौढ व्यक्तीसाठी 15 आठवडे अशी तरतूद झाली. मजुरीच्या सुमारे 55 टक्केच मिळतात, त्यालाही कमाल मर्यादा आहे. परंतु शुश्रूषा ही विम्याची बाब आहे, हे तत्त्व मान्य झाले.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. 1 जुलै 2019 पासून मालकाची वर्गणी 4.75 टक्क्यांवरून 3.25 टक्के आणि कामगाराची 1.75 वरून 0.75 टक्के करण्यात आली. म्हणजे वीस हजारांच्या पगारावर मालकाचे दरमहा 300 रुपये वाचले आणि कामगाराचे 200. त्या सवलतीची टाळ्या वाजवून बातमी झाली; हाच पैसा शुश्रूषेच्या लाभाकडे वळविता आला असता, हे आपल्या संघटनांनीही तेव्हा पुरेशा जोराने मांडले नाही.

मागणीचा मसुदा करताना एक पथ्य पाळावे. हा लाभ केवळ स्त्रियांसाठी मागू नये आणि त्याचा खर्च एकट्या मालकावर टाकू नये. योजनेच्या कक्षेबाहेरील आस्थापनांत 26 आठवड्यांच्या प्रसूती रजेचा पगार मालकालाच द्यावा लागतो. त्यामुळे तरुण विवाहितेला कामावर घेण्यासच तो कां-कूं करतो. विमा निधीतून, स्त्री-पुरुष दोघांनाही सारखा लाभ मिळाला, तर बाईलाच नकार देण्याचे कारण त्याच्यापाशी उरत नाही. आणि आजारी आईपाशी मुलानेही बसावे, हेही त्यातून ओघानेच येते.