एका पान्याला एवढे पैसे कशाला?
(कार्यशाळा पाहायला आलेल्या सभासदांसमोर केलेले भाषण)



मागच्या अंकात कार्यशाळेचा खर्च छापून आला. त्यात 'टॉर्क पाना' या वस्तूपुढचा आकडा पाहून काही जणांनी विचारलं, एका पान्याला एवढे पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे, पैसे तुमचे आहेत. उत्तर बाहेर शेडमध्ये उभ्या असलेल्या लाल ट्रॅक्टरमध्ये आहे.

हा मॅसी फर्ग्युसन 1035. इंग्लंडमधल्या जुन्या 35 चा हा आपल्याकडचा भाऊ. पर्किन्सच्या बनावटीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, साधं आणि दणकट. आमच्या तीन पाड्यांची नांगरट यावर चालते. दोन वर्षांपूर्वी बाजारगावातल्या एका मिस्त्रीने याचं हेड बसवलं. पान्याला लांब पाइप घालून नट आवळले, जोर लावला म्हणजे काम पक्कं असं समजून. ऐन पेरणीत गॅस्केट उडालं. ज्यांनी बैल विकले होते त्यांची शेतं त्या वर्षी तशीच पडली. यंदा मे महिन्यात डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसलं, चहासारखं. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालवलं तर पाण्यात बुडबुडे. भंगारवाला दाराशी येऊन भाव सांगून गेला.

हेड म्हणजे इंजिनाचं झाकण समजा. कुकरला जशी रबरी रिंग, तशी हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट. फरक इतकाच की इथे एकाच रिंगने स्फोटाचा दाब, पाणी आणि ऑईल अशी तिन्ही वेगळी ठेवायची. दाब सगळीकडे सारखा नसेल तर ती कुठून तरी फुटणारच.

आमच्या तीन मुलांनी हे काम केलं. मी स्टुलावर बसून होतो, आणि शिकवणाऱ्याला गप्प बसणं फार जड जातं हे तुमच्यातल्या शिक्षकांना माहीत आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. गरम हेडचे नट सैल केले तर हेड वाकतं. बॅटरीची तार सोडली, पाणी काढलं, बॉनेट आणि डिझेलची टाकी उतरवली. डिझेलचे पाइप सुटले की प्रत्येक तोंडाला स्वच्छ चिंधी बांधली. नोझलला धुळीचा एक कण पुरतो. नोझल आधीच काढून ठेवली, कारण त्यांची टोकं हेडच्या खाली डोकावतात आणि हेड टेबलावर टेकवलं की मोडतात. रॉकर निघाल्यावर पुशरॉड एका पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोचले. ज्याची जागा त्यालाच. इतकी वर्षं एकमेकांवर घासून झिजलेल्या भागांच्या जोड्या मोडायच्या नसतात.

नट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल केले. हेड चिकटून बसलं होतं. एकाने स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालायला घेतला, दुसऱ्यानेच त्याचा हात धरला. तिथे पडलेला ओरखडा म्हणजे पुढची गळती. लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोकलं, मग दोघांनी सरळ वर उचललं.

जुनं गॅस्केट खरवडताना ओलं करून घेतलं. त्या काळातल्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. त्याची धूळ छातीत जाऊन बसते, म्हणून तारेचा ब्रश आणि ड्रिल दोन्ही मना. मग हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी ठेवून फिलर गेज सरकवलं. दुसऱ्या सिलिंडरजवळ फट सापडली, वहीच्या कागदाएवढी. त्या कागदाएवढ्या फटीने तीन पाड्यांचं नुकसान केलं होतं. हेड मशीन शॉपला पाठवून तडे तपासले आणि अगदी जरुरीपुरतं फेसिंग केलं. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून हेडला आयुष्यात मोजकीच फेसिंगं मिळतात.

आता तुमचा पाना. नवं गॅस्केट 'टॉप फ्रंट' हा शिक्का वर आणि पुढे ठेवून बसवलं. स्टडचे आटे स्वच्छ करून नट हाताने लावले. आवळायची सुरुवात मधल्या नटापासून, मग आळीपाळीने दोन्ही टोकांकडे, तेही तीन फेऱ्यांत. या इंजिनाला शेवटच्या फेरीत सुमारे 8 किलोग्रॅम-मीटर लागतात. म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला 8 किलोचं वजन टांगल्यावर जेवढा पीळ बसेल तेवढा. माणसाच्या दंडाला हे कळत नाही. सकाळी एक जोर, जेवणानंतर दुसरा. टॉर्क पाना ठरलेल्या जागी 'कट' असा आवाज करतो आणि तिथे थांबायचं. आमच्यातला सर्वात किरकोळ मुलगा आणि सर्वात दांडगा मुलगा, दोघांचे नट सारखेच आवळले गेले.

मग थंड इंजिनावर टॅपेट 12 हजारांश इंचावर बसवले, ऑईल आणि फिल्टर बदलले, पाणी भरलं, डिझेलची हवा काढली. पहिल्या सेल्फला नुसता पांढरा धूर. दुसऱ्याला तिन्ही सिलिंडर धरले. इंजिन तापवून पुन्हा नट आणि टॅपेट तपासले. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते.

पावसाआधी दोन पाड्यांची नांगरट झाली आहे, तिसऱ्याची बाकी आहे. पहिल्या 25 ते 50 तासांच्या आत ट्रॅक्टर परत आणून नट पुन्हा तपासायचे असतात. गॅस्केट दबून बसतं, हे बहुतेक ठिकाणी विसरलं जातं. मुलांनी तास खडूने शेडच्या दारावर लिहून ठेवले आहेत. आज सकाळपर्यंत 19 झाले. जाताना बघा, आणि पाना हातात घेऊन एखादा नट आवळून बघायचा असेल तर मुलांनी बाकावर एक जुनं हेड लावून ठेवलं आहे.