रक्ताची बाटली आणि सांगण्याचे कर्तव्य



या व्यासपीठावर विद्वान येतात. आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढले जे काही शिकलो ते हमालांच्या सभांत आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. तेव्हा वैद्यकशास्त्र सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बोलणार आहोत ते एका बापाच्या प्रश्नावर.

आमच्या संघटनेतील एका हमालाची मुलगी थॅलेसिमियाची रोगी आहे. या रोगात शरीर स्वतःचे रक्त नीट तयार करू शकत नाही. दर पंधरा-वीस दिवसांनी बाहेरचे रक्त चढवावे लागते. वर्षाला वीस पिशव्या धरल्या (आपण त्यांना अजून बाटल्याच म्हणतो), तर दहा वर्षांच्या पोरीच्या अंगात दोनशे अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. एके दिवशी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी जुने कागद चाळता चाळता बापाला विचारले, "हिला हिपॅटायटिस सी आहे, उपचार का केले नाहीत?" कागदावरची तारीख वर्षापूर्वीची होती. ज्या रुग्णालयात ती तपासणी झाली, तिथे हे कोणालाही सांगावेसे वाटले नव्हते. बाप आमच्याकडे आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "आमले कोणी काही सांगं नही, भाऊ."

त्या घराला रोगाहून अधिक लागले ते हे. कारण हिपॅटायटिस सीवर आज गोळ्या आहेत. बहुतेक रोगी सुमारे तीन महिन्यांच्या उपचाराने बरे होतात, आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळण्याची सोयही झाली आहे. म्हणजे वर्ष वाया गेले ते औषधाच्या अभावी नव्हे. पोरगी गोळ्यांनी बरी झाली, हेही सांगून टाकतो, नाहीतर आपला जीव टांगणीला लागेल.

पण सगळ्यांच्या वाट्याला असे येत नाही. मे 2022 मध्ये नागपुरात थॅलेसिमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघडकीस आले. त्यांतील एक मूल दगावले. त्याआधी 2011 मध्ये गुजरातेत जुनागढला अशीच 23 मुले सापडली होती. आणि 2016 साली माहितीच्या अधिकारात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जे उत्तर दिले, त्यात ऑक्टोबर 2014 ते मार्च 2016 या काळात रक्त चढवल्यामुळे बाधा झाल्याचे सांगणारे देशात 2,234 लोक होते. हा आकडा रोग्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. परंतु अर्धा धरला तरी तो लहान होत नाही.

आता कोणी म्हणेल, तपासणी होत नाही का? होते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, गरमी आणि मलेरिया या पाच तपासण्या कायद्याने सक्तीच्या आहेत. अडचण अशी की, जंतू अंगात शिरल्यावर तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. 'नॅट' नावाची महाग तपासणी हा काळ बराच कमी करते, पण शून्य करीत नाही. आणि ती देशात सगळीकडे सक्तीची नाही. म्हणून पहिला बंदोबस्त प्रयोगशाळेत नसून रक्त देणाऱ्या माणसाच्या निवडीत आहे. पूर्वी रक्त विकून पोट भरणारे लोक होते. गरजेपोटी आजार लपवीत. सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 च्या निकालात हा धंदा बंद करण्याचा आदेश दिला, आणि 1 जानेवारी 1998 पासून तो बंद झाला.

विलायतेतही याहून वेगळे घडले नाही. रक्त न गोठण्याचा विकार असलेल्या रोग्यांना 1970 आणि 1980 च्या दशकांत तिकडे हजारो दात्यांच्या रक्तद्रव्यांच्या मिश्रणातून केलेले औषध दिले गेले. त्यातले काही अमेरिकेतल्या तुरुंगांतील कैद्यांचे होते. सर ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल 20 मे 2024 रोजी प्रसिद्ध झाला: दूषित रक्त आणि औषधे मिळून 30,000 हून अधिक लोकांना बाधा, सुमारे 3,000 मृत्यू. धोका ठाऊक असताना रोग्यांना तो सांगितला गेला नाही, आणि कित्येकांना स्वतःच्या तपासणीचे निष्कर्षही वर्षानुवर्षे कळवले गेले नाहीत, असे त्यात नोंदले आहे. म्हणजे आमच्या हमालाचे दुखणे आणि लंडनच्या माणसाचे दुखणे एकच.

आम्ही कामगार चळवळीतले, म्हणून आम्हांला कारखान्याचे उदाहरण सुचते. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात कलम 41 ब घातले गेले: धोक्याच्या उद्योगात मालकाने तो धोका कामगाराला आणि आसपासच्या वस्तीला सांगितलाच पाहिजे. रुग्णालयाच्या खाटेवर पडलेल्या माणसाचा हक्क यापेक्षा कमी का असावा? 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रोग्याला पुरेशी माहिती देऊन संमती घ्यावी, असे स्पष्ट केले आहे. पण आमच्या हमालाने सही केली तो कागद इंग्रजीत होता. त्यात रक्ताच्या धोक्याचे वाक्य होते, नाही असे नाही. ज्याला वाचता येत नाही त्याच्या पुढे कागद सरकवला, म्हणजे सांगितले असे कसे म्हणावे?

आणि आता जे सांगायचे ते सांगायला जड जाते. आमची संघटनाही रक्तदान शिबिरे भरवते. काही वर्षांपूर्वीच्या एका शिबिरात दात्यांना स्टीलचा डबा भेट होता, आणि आकडा मोठा व्हावा म्हणून आम्ही माणसांना रांगेत उभे केले होते. प्रश्नावली भरायला वेळ लागतो म्हणून आमच्याच कार्यकर्त्याने सगळ्यांच्या नावापुढे 'नाही, नाही, नाही' असे लिहून टाकले. पंधरा दिवसांनी एक मापारी सहज बोलून गेला की, त्याला त्या आधी कावीळ झाली होती. "मुकादम समोर उभा, मग मी काय नाही म्हणू?" असे तो म्हणाला. आम्ही रक्तपेढीला फोन केला. पिशवी कोठे गेली हे आम्हांला अखेरपर्यंत कळले नाही. ज्या गावात देवमामलेदारांनी दुष्काळात लोकांसाठी सरकारी खजिना उघडला आणि त्याचा जाब स्वतःच्या अंगावर घेतला, त्या गावात आम्ही एका डब्यासाठी हे केले.

तेव्हापासून आमच्या शिबिरात डबा नाही. प्रत्येक माणसाशी डॉक्टर आडोशाला एकटे बोलतात. जो परत जातो त्याला दारात कोणी कारण विचारीत नाही, मुकादमाला आत येऊ देत नाही. प्रश्न मराठीत आणि गरज पडल्यास अहिराणीत वाचून दाखवतात. गेल्या शिबिरात पिशव्या बऱ्याच कमी भरल्या. आमच्याच एका पदाधिकाऱ्याने कुरकुर केली की, पेपरात आकडा बरा दिसणार नाही. त्याला आम्ही त्या मुलीच्या घरी घेऊन गेलो. तिच्या आईने चहा केला. बाईंना आम्ही कशासाठी आलो ते ठाऊक नव्हते.