उकिरडा आणि कायदा

[नभोवाणीवरील भाषण]



लातूरच्या माझ्या घरामागें कमरेइतका खोल असा एक खड्डा आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावर पुष्कळ मास्तर वाचनाकडे किंवा तीर्थयात्रेकडे वळतात. मी या खड्ड्याकडे वळलों. भाज्यांचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवावरचें निर्माल्य, दारच्या लिंबाचा पाला हें सारें त्यांत पडतें. वर थोडी माती आणि शेणकाला पडतो. आणि सहा-सात महिन्यांनीं त्यांतून काळें, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचें खत निघतें. तें मी पोत्यांत भरून नांदेड जिल्ह्यांत, लोहा तालुक्यांतील आमच्या गांवीं, धाकट्या भावाकडे पाठवीत असें.

दोन-तीन वर्षांपूर्वीं हा क्रम मोडला. बाजारांत हिरवट रंगाच्या, हाताला मऊ लागणाऱ्या पिशव्या मिळूं लागल्या होत्या. त्यांवर इंग्रजींत ठळक अक्षरांनीं 'कंपोस्टेबल' असें छापलेलें होतें. मराठी अक्षर एकहि नव्हतें. आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, हें काय लिहिलें आहे?" मीं मास्तरकीच्या तोऱ्यांत अर्थ सांगितला, "खत होण्याजोगी." त्या दिवसापासून कचरा पिशवीसकट खड्ड्यांत जाऊं लागला. रब्बीच्या तोंडावर खड्डा उपसला, तेव्हां आंतलें सारें कुजून एकजीव झालें होतें. पिशव्या मात्र कांहीं जशाच्या तशा, कांहीं चिंध्या होऊन त्यांत गुंतलेल्या होत्या. दोन दिवस बसून त्या वेंचल्या, तरी बारीक तुकडे राहिलेच.

भावानें तें खत ओंजळींत घेऊन पाहिलें. त्याच्या आदल्याच वर्षीं त्यानें एका शहराच्या कचऱ्याचें खत ट्रॉलीभर आणविलें होतें, आणि त्यांतील कांचेनें त्याच्या गड्याचा पाय कापला होता. तो शांतपणें म्हणाला, "दादा, शहराचें खत आतां नको. तुमच्या घरचें असलें तरी नको."

ती पिशवी खरी होती कीं खोटी होती, हें मला आजहि सांगतां येणार नाहीं. आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे. खोटी असेल तर साध्या प्लास्टिकवर कोणीं तरी चांगला शब्द छापला. पण ती अगदीं खरी असली तरीहि माझ्या खड्ड्यांत तेंच झालें असतें, हें पुढें चौकशी केल्यावर समजलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. रसायनशास्त्राचा मला गंध नाहीं. तरी जें कळलें तें सांगतों.

खत होण्याजोग्या प्लास्टिकसाठीं आपल्या देशांत आय. एस. १७०८८ या क्रमांकाचें मानक आहे. अशा पिशव्या त्या मानकास उतरल्या पाहिजेत आणि त्या करणारानें केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्रमाणपत्र घेतलें पाहिजे, असें केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या प्लास्टिक कचरा नियमांनीं ठरविलें. मानकाची परीक्षा कडक आहे. सुमारें ५८ अंश सेल्सियस उष्णतेंत, पुरेशी हवा व ओल राखून, बारा आठवड्यांत पदार्थाचा असा भुगा झाला पाहिजे कीं दोन मिलिमीटरच्या चाळणीवर त्याचा दहांतला एक भागहि उरूं नये. आणि १८० दिवसांच्या आंत त्यांतील निदान ९० टक्के कार्बन जंतूंनीं खाऊन वायुरूप केला पाहिजे. आतां ५८ अंश म्हणजे किती? लातूरच्या वैशाखांतल्या दुपारींहि पारा तेथवर चढत नाहीं. मोठ्या ढिगांत असंख्य जंतूंच्या श्वसनानें ती उष्णता उत्पन्न होते, आणि ढीग मोठा असल्यामुळेंच ती टिकते. माझ्या खड्ड्यांत ती दोन-चार दिवस येते आणि निघून जाते. भाजीच्या देठाला तेवढी पुरते. मक्याच्या पिठूळ सत्त्वापासून कारखान्यांत केलेल्या प्लास्टिकला पुरत नाहीं. म्हणजे पिशवीवरचा शब्द खरा असूनहि अर्धाच होता. 'कोठें?' या प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें.

आमच्या लहानपणीं हा प्रश्नच उद्भवला नाहीं. किनवट-माहूरच्या रानांत पळस उदंड. लग्नाची पंगत उठली कीं पत्रावळी आणि द्रोण थेट उकिरड्यावर पडत, आणि पुढच्या पेरणीला शेतांत जात. पळसाच्या पानावर शिक्का मारण्याची गरज कोणाला वाटली नाहीं. आज मात्र मंगल कार्यालयांत जी ताटली पुढें येते ती उसाच्या चिपाडाची असते, कागदाची असते, आंतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या कागदाची असते, किंवा नुसत्याच प्लास्टिकची असते. आणि चारी सारख्याच पांढऱ्या दिसतात. डोळ्यांना भेद कळेनासा झाला, कीं तो सांगण्याचें काम कायद्याकडे येतें.

हें नवें नाहीं. वनस्पति तूप निघालें तेव्हां तें साजुक तुपांत मिसळून खपूं लागलें. नाकानें ओळखतां येईना. तेव्हां वनस्पति तुपांत तिळाचें तेल ठराविक प्रमाणांत घातलेंच पाहिजे असा दंडक घालण्यांत आला, कारण तिळाचें तेल साध्या रासायनिक परीक्षेंत रंग दाखवून आपलें अस्तित्व उघड करतें. शाकाहारी मालावरचा हिरवा ठिपका तर माझी निरक्षर मावशीहि ओळखते. खत होण्याजोग्या मालाला अशी कांहीं खूण कां असूं नये?

उकिरड्याचें शास्त्र आपल्याच भागांत वाढलें, याचा आपल्याला विसर पडला आहे. इंदूर येथें सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसविली, आणि १९३१ सालीं त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथावर हॉवर्डसाहेबांच्या बरोबरीनें यशवंत वाड यांचें नांव आहे, पण तें फारसें घेतलें जात नाहीं. आणि आमच्या नांदेड जिल्ह्याला लागूनच, पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथें ना. दे. पांढरीपांडे यांनीं विटांच्या हौदाची पद्धत सिद्ध केली. त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर गेली. भिंतींना हवेसाठीं भोंकें ठेवावयाचीं, पालापाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यावयाचे, वरून लिंपून घ्यावयाचें; तीन-चार महिन्यांत खत तयार. बारा वर्षांनीं उकिरड्याचेहि पांग फिटतात अशी आपली म्हण आहे; नाडेपकाकांनीं बारा वर्षांची वाट पाहिली नाहीं.

मराठवाड्याला या खताची निकड इतरांहून अधिक आहे. आमची काळी जमीन उन्हाळ्यांत हात हात भेगाळते, आणि उष्ण हवेंत तिच्यांतील सेंद्रिय अंश लवकर जळून जातो. तो अंश असला म्हणजे माती पाणी धरून ठेवते. २०१६ सालच्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीनें दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर आणलें. ती गाडी पाहावयास मीहि स्टेशनवर गेलों होतों. त्याच दिवसांत आमच्या घरोघरचा ओला कचरा घंटागाडींतून गांवाबाहेर जात होता. शहरी कचऱ्याचा सुमारें निम्मा भाग ओला असतो. लातूरची वरवंटी काय किंवा नांदेडचें तुप्पा काय, शहराचे ढीग शेजारच्या खेड्यांनीं किती वर्षें सोसले, तें त्या खेड्यांतल्या माणसांना विचारावें. शहराबाहेर गेलेली वस्तु दुर्गंधीच्या रूपानें नव्हे, तर खताच्या रूपानें शेतांत पोंचावी, एवढीच मागणी आहे.

कायदे नाहींत असें नव्हे. २६ जुलै २००५ च्या मुंबईंतील महापुरानंतर, नाले प्लास्टिकनें तुंबल्याचें सर्वांनीं पाहिलें, आणि २००६ सालीं राज्यानें अविघटनशील कचरा नियंत्रण अधिनियम केला. त्याच्या आधारें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिक व थर्माकोल यांवरील बंदीची अधिसूचना निघाली. २०२२ च्या अखेरीस, खत होण्याजोग्या पदार्थांच्या ताटल्या, पेले, चमचे वगैरेंना प्रमाणपत्राच्या अटीवर तिच्यांतून सूट मिळाली. २०२४ सालीं केंद्रानेंहि आपले नियम सुधारून, जैव विघटनशील म्हणविणाऱ्या प्लास्टिकवर तें कोणत्या परिस्थितींत आणि किती दिवसांत नष्ट होतें तें लिहावें, अशी व्यवस्था केली. पाऊल योग्य दिशेनें पडलें. पण सूट मिळाली कीं तिच्या आडून खोटा माल येतो, आणि बारीक ठशांतील इंग्रजी ओळ आमच्या गंजगोलाईंतल्या भाजीवालीच्या काय उपयोगाची? २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणें पहिल्या गुन्ह्याचा दंड ५,००० रुपये. तो हातगाडीवाल्यानें भरला तर त्याचा महिना बुडतो, आणि ज्यानें खोटा शब्द छापला तो दूर कारखान्यांत सुखरूप राहतो. शब्द छापणाराला आधीं धरावें, असें माझें मत आहे.

सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि शेती हे विषय आपल्या राज्यघटनेनें राज्यांकडे सोंपविले आहेत. तेव्हां दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला स्वस्थ बसतां येणार नाहीं. राज्यानें असा कायदा करावा कीं महाराष्ट्रांत विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक वस्तूवर ठळक मराठींत लिहिलेलें असेल: ही वस्तु घरच्या खड्ड्यांत कुजते, किंवा ही फक्त मोठ्या खतप्रकल्पांतच कुजते. 'निसर्गस्नेही', 'विघटनशील' असे मोघम शब्द प्लास्टिकवर छापण्यास साफ मनाई असावी. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यानें २०१९ च्या कायद्यानें प्लास्टिकच्या मालावर 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द बंद केला, आणि खत होण्याजोग्या पिशव्यांचा हिरवा-तपकिरी रंग साध्या पिशव्यांनीं पांघरूं नये असेंहि सांगितलें. माझी पिशवी हिरवट होती, हें आपल्या लक्षांत असेलच.

पण नुसत्या लेबलानें खड्डा भरत नाहीं. फक्त मोठ्या प्रकल्पांत कुजणारी पिशवी विकावयाची, तर तो प्रकल्प जिल्ह्यांत असला पाहिजे आणि ओला कचरा तेथें निराळाच पोंचला पाहिजे. दक्षिण कोरियानें २००५ पासून उष्टें-खरकटें जमिनींत गाडण्यास बंदी केली. फ्रान्सनें १ जानेवारी २०२४ पासून ओला कचरा वेगळा ठेवण्याची सोय बंधनकारक केली. आपल्याकडेहि ओला-सुका वेगळा करण्याचा नियम २०१६ पासून आहे, आणि आमच्या गल्लींत तो बऱ्यापैकीं पाळलाहि जातो. माझ्या दृष्टीनें खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे: तयार झालेलें खत घेणार कोण?

खत नियंत्रण आदेशांत शहरी खताची कसोटी ठरलेली आहे; सेंद्रिय कार्बन निदान १२ टक्के हवा, शिसें, कॅडमियम यांसारख्या विषारी धातूंना मर्यादा आहे. परीक्षेंत उतरलेल्या खताला 'हरित महासिटी कंपोस्ट' हें नांव देण्याची चांगली प्रथाहि राज्य सरकारनें घातली. केंद्रानें २०१६ सालीं शहरी खतास टनामागें १,५०० रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. रासायनिक खताच्या सहा-सात गोण्यांमागें तीन-चार गोण्या शहरी खत विकण्याची शिफारसहि त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत होती. आमच्या गांवच्या कृषि सेवा केंद्रांत तीं पोतीं मीं अद्याप पाहिलेलीं नाहींत. कॅलिफोर्नियानें शहरांवर लोकसंख्येच्या प्रमाणांत असें खत परत विकत घेण्याचीच सक्ती केली आहे. आपल्याकडेहि नगरपालिकांच्या बागा, रस्त्याकडेची झाडें, सरकारी रोपवाटिका आणि परभणीच्या कृषि विद्यापीठाचीं प्रक्षेत्रें यांनीं आधीं हें खत वापरावें, असें कायद्यानेंच ठरवावें. सरकारच्या स्वतःच्या जमिनींत चार वर्षें तें जिरलें, म्हणजे शेतकऱ्याला फार समजावावें लागणार नाहीं. आणि प्रत्येक पोत्यावर परीक्षेची तारीख व कोठें केलें तें असावें. कांच निघाली तर कोणाकडे जावयाचें, हें माझ्या भावाला कळलें पाहिजे.

सक्तीनें कोठें सुधारणा होते काय, असें माझे एक मित्र विचारतात. तेहि मास्तरच होते. मीं त्यांना विचारलें, वर्गांत हजेरीपट आपण कशासाठीं ठेवीत होतों? हजेरीपटानें मुलें शिकतात असें नव्हे, पण कोण आलें नाहीं तें त्यानें कळतें. ते हंसले, पटलें कीं नाहीं तें बोलले नाहींत.

पिशव्या बंद केल्यापासून आमच्या खड्ड्याजवळ जुनी पत्र्याची बादली आहे. ती रोज धुवावी लागते, आणि तें काम सौभाग्यवतींनीं माझ्याकडे लावून दिलें आहे. यंदा दसऱ्यानंतर खड्डा उपसावयाचा आहे. भावानें दोन पोतीं घेण्याचें कबूल केलें आहे. मात्र चाळणी तो स्वतःची घेऊन येणार आहे.