स्ट्रॉबेरीचा पहिला तास



महाबळेश्वर, पाचगणी, वाई या पट्ट्यातल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव राखायचं तर घाट उतरून मुंबईला पोचलेलं फळही टवटवीत हवं. ते तसं राहणार की नाही, हे बरंचसं तोडणीनंतरच्या पहिल्या तासात ठरतं.

तोडलेलं फळ जिवंतच असतं. ते श्वास घेतं आणि स्वतःतलीच साखर खर्च करतं. शून्य अंशाला हा खर्च जेमतेम असतो, वीस अंशाला तो पाचपटीहून अधिक होतो. आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी मात्र तोडल्यावर गोड होत नाही. रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही. म्हणून लांबच्या बाजारासाठी निदान तीन चतुर्थांश लाल झालेलं फळच तोडा, जवळच्या विक्रीसाठी पूर्ण लाल.

तोडणी सकाळी करा, पण दव उतरल्यावर. फळ ओढू नका. हिरवी टोपी आणि थोडा देठ ठेवून खुडा. टोपी निघाली की तिथूनच फळ सडू लागतं. फळ हाताळायचं ते एकदाच: तोडतानाच प्रतवारी करा आणि थेट पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात ठेवा. थर उथळ असू द्या, नाहीतर खालची फळं चेंगरतात. डागाळलेलं फळ वेगळ्या भांड्यात टाका, कारण करडी बुरशी थंडीतही शेजारच्या फळावर पसरते. आणि फळं धुऊ नका. ओल्या सालीवर बुरशीला आयतंच आवतण मिळतं. धुवायचं ते खाण्याआधी.

भरलेले पनेट बांधावर उन्हात राहू देऊ नका. तासाभरात ते पूर्वशीतकरणाला, म्हणजे साठवणीआधी झटपट गार करायला गेले पाहिजेत. पुढे शून्य ते एक अंश तापमान आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता मिळाली, तर फळ पाच-सात दिवस चांगलं राहतं. शीतगृह लांब असेल, तर शेतातच सावलीचा मांडव घाला. विटांच्या दुहेरी भिंतीत ओली वाळू भरून केलेला शून्य ऊर्जा शीतकक्षही काही अंशांनी तापमान उतरवतो. त्याला वीज लागत नाही. एकदा गार केलेलं फळ मात्र वाटेत तापू देऊ नका. त्यावर पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

रोपं, मल्चिंग, ठिबक, मजुरी यांवर महिनोन्महिने केलेला खर्च या एका तासावर अवलंबून असतो. म्हणून उद्या तोडणीला जाल, तेव्हा आधी सावलीची आणि गाडीची सोय करा, मगच पहिल्या फळाला हात लावा.