छातीचं ओझं : ऑपरेशन करावं का?

कंबर दुखते हे आपण चारचौघींत सांगतो. छातीचा भार सोसवत नाही, हे मात्र मनातच ठेवतो. मान-पाठ ठणकते, पट्ट्यांनी खांद्यावर वळ पडतात, घामाने स्तनांखाली चिघळतं. हे नखरे नाहीत, दुखणं आहे. स्तन लहान करण्याचं ऑपरेशन त्यासाठीच असतं.

पण आधी स्वतःला विचारूया : त्रास दुखण्याचा आहे, की लोकांच्या नजरेचा? नुसत्या नजरेपायी अंगावर शस्त्र घ्यायचं नाही.

ऑपरेशनला पूर्ण भूल देतात. व्रण कायम राहतात. स्तनाग्राची जाणीव कमी होऊ शकते, पुढच्या बाळाला दूध कमी पडू शकतं. मिश्री-तंबाखू काही आठवडे आधीच सोडावी लागते, नाहीतर जखम लवकर भरत नाही. नंतर काही आठवडे हंडा, मोळी उचलायची नाही. ती कामं कोण करणार, हे घरात आधी ठरवूया. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. आणि गाठ लागली, तर आधी तिची तपासणी.

यासाठी गटाकडून कर्ज हवं असेल, तर कारण 'घरखर्च' सांगू नका. खरं सांगा. आम्ही हसणार नाही.