तांदळाच्या कोंड्यातील नत्र



परिचारिकेने सेंद्रिय रसायनशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु रुग्णाला आम्ही जी औषधे देतो, त्यांपैकी पुष्कळांच्या रेणूत नत्र, म्हणजेच नायट्रोजन, असतो. त्यांतील एकाची, जीवनसत्त्व ब-१ची, कथा आज सांगते. ती घडली जपानमध्ये. पण आपणही मूळचे कोकणातील, भातावर वाढलेले.

जपानी नौदलात बेरीबेरीचा कहर होता. पाय बधिर होत, अंगावर सूज येई, अखेर हृदय थकत असे. १८८२-८३च्या सफरीत ‘र्‍युजो’ जहाजावरील ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले, २५ दगावले. नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी दोष पांढऱ्या भाताच्या आहाराला दिला. अन्नात कर्ब फार आणि नत्र थोडा, असे त्यांचे निदान होते. १८८४मध्ये त्याच मार्गाने निघालेल्या ‘त्सुकुबा’ जहाजावर त्यांनी मांस, दूध, पाव देवविला. त्या सफरीत बेरीबेरीने एकही मृत्यू झाला नाही.

भूदलाच्या वैद्यांना मात्र हे पटले नाही. त्यांचा संशय जंतूंवर होता. १९०४-०५च्या रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे २७ हजार जपानी सैनिक या रोगाने गेले. पुरावा डोळ्यांसमोर असताना तो नाकारण्याची किंमत ही अशी असते.

ताकाकींचा उपाय खरा होता, मीमांसा अपुरी होती. १९१०मध्ये उमेतारो सुझुकी यांनी तांदळाच्या कोंड्यातून गुणकारी अंश वेगळा काढला. १९१२मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हायटल अमाइन’, म्हणजे जीवनावश्यक अमाइन, या अर्थाने ‘व्हिटामिन’ हे नाव दिले. नत्रयुक्त संयुगांच्या एका वर्गाला अमाइन म्हणतात. ब-१च्या रेणूत नत्राचे चार अणू आहेत. मोठ्या माणसाला ते दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास लागते. म्हणजे नत्र किती, यापेक्षा तो कोणत्या रचनेत गुंफला आहे, हेच निर्णायक!

म्हणून भगिनींनो, तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नका. हे सत्त्व पाण्यात विरघळते. पेज फेकू नका. कडधान्य लवकर शिजावे म्हणून सोडा घालू नका. त्याने ते नष्ट होते. उकडा तांदूळ जुनाट म्हणून हिणवू नका. उकडताना कोंड्यातील सत्त्व दाण्यात उतरते. आणि घरात कोणी मद्याच्या आहारी गेले असेल, तर पायांच्या मुंग्या, तोल जाणे, विस्मरण यांना ‘नशा’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्या. ब-१चे साधे इंजेक्शन तेव्हा मेंदू वाचवू शकते.