आवाज ऐकू येतात तेव्हा



जवळ कुणी नसताना काही माणसांना आवाज ऐकू येतात.
त्यांना ते खरोखर ऐकू येतात.

1987 साली नेदरलँड्सचे मनोविकारतज्ज्ञ मारिउस रोमे
आपल्या एका रुग्ण महिलेसह दूरचित्रवाणीवर आले.
आवाज ऐकणाऱ्यांनो, आम्हाला कळवा, असं आवाहन त्यांनी केलं.
शेकडो फोन आले.
कितीतरी जण आवाजांसह नीट जगत होते.

मग काहींनाच इतका त्रास का?

एक धागा बालपणाकडे जातो.
ऑस्ट्रेलियात गॉर्डन पार्कर आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली तयार केली.
आईवडिलांची माया किती मिळाली?
आणि बंधन किती होतं?
माया कमी, बंधन फार,
अशा घरात वाढलेल्यांमध्ये पुढे उदासी आणि चिंता अधिक आढळते.
आवाजही मग टोचून बोलणारे असू शकतात.

पण ऐका.
बालपण हा एक धागा आहे, एकमेव कारण नाही.
ज्या आजारात असे आवाज ऐकू येतात, त्याचा सगळा दोष एकेकाळी आईवर टाकला जाई.
तो फार मोठा अन्याय होता.

घरात कुणी आवाजांबद्दल सांगितलं, तर गप्प बसवू नका.
आवाज काय म्हणतो, ते मायेने विचारा.
औषधं चालू असतील, तर ती मात्र परस्पर थांबवू नका.

मदतीसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे,
14416.
पुन्हा सांगते,
14416.